एका घरापुरतं चॅनल

मस्कत, ९ फेब्रुवारी २०१४

आत्या,

सोबत एका जर्मन चिठ्ठीचा फोटो जोडला आहे. तिचं मराठी करून पाठव. या आठवड्यात मिळालं तर बरं.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि इथे इंटरनेटवरून बोलायला बंदी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. संदर्भ असा. आमची कंपनी हॉटेलांत आणि बंगल्यांत टीव्हीची यंत्रणा बसवते, हे तुला माहीत आहे. कुरुमच्या टेकडीवर केल्नर नावाचे जर्मन गृहस्थ राहतात. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. त्यांच्या पत्नीला, हिल्डे यांना, विस्मरण होतं आहे. इंग्रजी सगळ्यात आधी गेलं. आता फक्त जर्मन कळतं.

जर्मनीत एक पैसे भरून घ्यायचं चॅनल आहे. त्यावर दिवसभर फक्त चित्रपट लागतात, सगळे जर्मनमध्ये. दोन चित्रपटांच्या मध्ये एका बाईचा आवाज पुढे काय लागणार ते सांगतो. हिल्डेबाई बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हा त्या आवाजाला उत्तरं देत बसायच्या. घरी डीव्हीडींनी भरलेलं कपाट आहे, पण डीव्हीडी संपली की कुणी बोलत नाही आणि त्या उठून दारं तपासत फिरतात. म्हणून केल्नरना तेच चॅनल हवं होतं.

हे चॅनल जर्मनी आणि ऑस्ट्रियाबाहेर विकत नाहीत. चॅनल उघडणारं केल्नरांचं कार्ड त्यांच्या मेहुणीच्या, इल्सेच्या, तिकडच्या पत्त्यावर आहे. नियमात बसत नाही. पण कार्ड हा माझा विषय नाही. माझा विषय डिश. त्या उपग्रहाचा झोत युरोपवर रोखलेला आहे, इथे त्याची फक्त कड पोचते. तीन मीटरची डिश लागली. गच्चीवर माझ्यासोबत एकनाथ खातू होता, गुहागरचा, आमचा फिटर. मी मीटर बघत होते, तो डिश केसाएवढी सरकवत होता. "ताई, अजून?" "अजून." "ताई, आता?" "थांबा." चित्र आलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले, तर निघताना केल्नरांनी ही चिठ्ठी हातात दिली आणि ते आत गेले.

रेवा

*

पुणे, १२ फेब्रुवारी २०१४

रेवे,

मायना नाही, 'कशी आहेस' नाही, थेट 'संदर्भ असा'! तुझ्या आजोबांनी कोर्टात केलेले अर्जसुद्धा यापेक्षा गोड असायचे.

घे तुझं मराठी:

"आदरणीय इंजिनिअर बाई, काल संध्याकाळी त्या आवाजाने पुढचा चित्रपट सांगितला तेव्हा हिल्डे म्हणाली, 'बरं, मग मी बसते.' नोव्हेंबरपासून ती संध्याकाळी बसलेली नाही. काल बसली. मलाही शेजारी बसायला सांगितलं. मला कोण समजून सांगितलं ते मला ठाऊक नाही. तरी मी बसलो. तुमच्या सहकाऱ्यालाही हे कळवा. वॉल्टर केल्नर."

इतकी वर्षं मी पुण्यात जर्मन शिकवलं. शेकडो मुलांची पत्रं तपासली. एवढं सरळ जर्मन कुणी लिहून दाखवलं नाही.

शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली आहे. कळवलंस का त्या सहकाऱ्याला? तुझा स्वभाव मी ओळखते. काम झालं की तुझ्या लेखी माणसं संपतात.

कान गेलेली, पण जीभ शाबूत असलेली,
आत्या

*

मस्कत, ६ एप्रिल २०१४

आत्या,

एकनाथला सांगितलं. दिवसभर शीळ घालत होता.

आता एक दोष उद्भवला आहे. मार्चअखेर केल्नर पती-पत्नी हवापालट म्हणून सलालाला गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली एकनाथकडे होती. पहिल्याच दिवशी त्याने घराचा मेन स्विच पाडला. विचारलं तर म्हणाला, "ताई, बंद घराचा मेन चालू ठेवतात होय? आमच्याकडं गणपती झाले की मुंबईकर मेन पाडूनच कुलूप घालतात. वीज पडली तर मीटर जळतो." मस्कतमध्ये वीज क्वचितच पडते, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "सवय हो."

या कार्डाचा हक्क दर काही आठवड्यांनी उपग्रहावरूनच नव्याने दिला जातो. त्या वेळी कार्ड घातलेला टीव्हीजवळचा बॉक्स चालू असावा लागतो. नेमका तोच संदेश चुकला. पडदा काळा, वर एक कोड. उपाय सोपा आहे: चॅनलच्या कचेरीला फोन केला की ते संदेश पुन्हा सोडतात. पण तो फोन इल्सेने करायला हवा आणि तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. केल्नर म्हणाले, "थांबू या. दोन आठवड्यांत ती घरी येईल."

हिल्डेबाई पुन्हा दारं तपासायला लागल्या आहेत. निवारता येणारा दोष दोन आठवडे तसाच ठेवणं मला पटलं नाही. मी स्वतः चॅनलच्या तांत्रिक विभागाला लिहिलं आहे. कार्डाचा क्रमांक, बॉक्सचा प्रकार, डिशचा व्यास, दिशा, सिग्नलची मोजमापं, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, बंद असण्याचा काळ, सगळं दिलं आहे. अपुऱ्या माहितीचा अहवाल कुणी उघडत नाही. दोन-तीन दिवसांत संदेश सुटेल.

रेवा

*

पुणे, ७ एप्रिल २०१४

रेवा,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

जे चॅनल जर्मनीबाहेर विकत नाहीत, त्यांनाच तू मस्कतचे अक्षांश-रेखांश कळवलेस? आणि वर कार्डाचा क्रमांक?

ते पत्र मागे घेता येतं का? येत असेल तर आत्ता घे. मग मला लिही.

आत्या

*

पुणे, २१ एप्रिल २०१४

रेवा,

दोन आठवडे झाले. तू गप्प आहेस म्हणजे झालं ते माझ्या मनात आहे तेच. रागावत नाही. पण लिही. हिल्डेबाई कशा आहेत? आणि तो एकनाथ?

आत्या

*

मस्कत, २९ एप्रिल २०१४

आत्या,

पत्र मागे घेता येत नव्हतं.

कार्ड कायमचं रद्द झालं. इल्से घरी आली, तिने फोन केला. तिला एवढंच सांगण्यात आलं की वापरात अनियमितता आढळल्याने करार संपवला आहे. कारण विचारलं तर सांगितलं नाही.

ही बातमी केल्नरांनी मला आणि एकनाथला एकत्रच दिली. मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "बॉक्स इतके दिवस बंद राहिला, त्यावरून त्यांना संशय आला असेल." एकनाथने माझ्याकडे पाहिलं. त्याचं इंग्रजी कामापुरतं आहे, पण एवढं त्याला कळलं. केल्नरांनी मला विचारलं, "असं होऊ शकतं का?"

मी म्हणाले, "शक्य आहे."

तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर चुकीचं नाही.

त्या आठवड्यात एकनाथने केल्नरांच्या मेन स्विचवर काळा टेप गुंडाळला, पुन्हा कुणाचा हात लागू नये म्हणून. कार्डच उरलेलं नाही, त्यामुळे टेपचा उपयोग नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. आमचे मॅनेजर हुसैनमियाँ श्रीवर्धनचे आहेत. त्यांच्या कानावर गेलं की एकनाथने गिऱ्हाइकाची यंत्रणा घालवली. त्यांनी त्याला डिशच्या कामावरून काढून रुसैलच्या गोदामात पाठवलं, केबलचे ड्रम लावायला. तो शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बसने केल्नरांकडे जातो, गच्चीवर चढतो, डिशचे बोल्ट आवळून येतो. ते सैल झालेले नसतात.

तू विचारलंस म्हणून लिहिते. मला नियम माहीत होता. पहिल्याच पत्रात मी तो तुला लिहिला होता. मला वाटलं, तांत्रिक विभाग वेगळा आणि विक्रीचा वेगळा. दोष कळवला की दोष निवारतात. आमच्याकडे तसंच चालतं.

हिल्डेबाई संध्याकाळी कपडे बदलून काळ्या पडद्यासमोर उभ्या राहतात. बसत नाहीत.

रेवा

*

पुणे, ३ मे २०१४

रेवे,

'तांत्रिकदृष्ट्या चुकीचं नाही' हे वाक्य मी वर्गात ऐकलं असतं तर त्या मुलीला बाकावर उभं केलं असतं. अपघात तू पत्र लिहिलंस तेव्हा झाला. तो मी तुला माफ केला, मी कोण माफ करणारी ते राहू दे. पण 'शक्य आहे' हा अपघात नव्हता. त्या दोन शब्दांवर एक माणूस गोदामात गेला.

आता कामाचं बोलते, कारण कामाचं बोललं तरच तुला ऐकू येतं. आपल्या घरात बहिऱ्या दोघी आहेत.

तूच लिहिलंस की डीव्हीडींचं कपाट भरलेलं आहे. चित्रपट आहेतच. नाही ते मधलं बोलणं. 'आता थोड्याच वेळात', 'त्यानंतर पाहू या', 'बसा, निवांत बसा'. एवढंच ना? हे जर्मनमध्ये म्हणायला ते सगळं चॅनल कशाला हवं? मी म्हणते. माझे कान गेले आहेत, उच्चार गेलेले नाहीत. हॉटेलांसाठी तू चॅनलं उभी करतेस. एका घरासाठी करता येतं का ते सांग.

अट एकच. आधी त्या घरात खरं सांगायचं. केल्नरना आणि एकनाथला. मी खोटेपणावर निवेदन करणार नाही.

आत्या

*

मस्कत, १२ जून २०१४

आत्या,

करता येतं. हॉटेलच्या कामातून उतरवलेला एक जुना मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाजाचं टीव्हीसाठी चॅनल करणारं यंत्र, कंपनीकडून मागून घेतला. एक छोटा संगणक चित्रपट आणि निवेदनं क्रमाने सोडेल, आणि टीव्हीवर ते पूर्वीच्याच क्रमांकावर दिसेल. हिल्डेबाईंना रिमोटवरचं बटण बदलावं लागणार नाही. रेकॉर्डिंगच्या सूचना: संगणकावर बोलताना हिरवी पट्टी वरखाली होईल. तुला आवाज ऐकू येणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघ. पट्टी लाल झाली तर मोठ्याने बोलते आहेस. दोन निवेदनांच्या मध्ये पाच सेकंद थांब. पंखा बंद ठेव.

मी केल्नरना सांगितलं. ते व्हरांड्यात संत्री सोलत होते. हिल्डेबाई शेजारी होत्या.

"कार्ड माझ्यामुळे रद्द झालं," मी म्हणाले. "तुम्ही थांबायला सांगितलं होतं. मी थांबले नाही."

त्यांनी संत्र्याची फोड बायकोच्या हातात ठेवली. "तुम्ही त्यांना नक्की काय लिहिलं होतंत?"

माझ्या फोनमध्ये अहवाल होता. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला. आत्या, मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, "उत्तम अहवाल आहे. माझ्या कारखान्यात असा अहवाल लिहिणारा मिळाला नाही. एकही चूक नाही." मग फोन परत दिला आणि दुसरं संत्रं सोलायला घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

चॅनलच्या कल्पनेला ते हो म्हणाले.

एकनाथला अजून सांगितलेलं नाही. तो रुसैलला असतो, मी कुरुमला. भेट होत नाही. पुढच्या आठवड्यात बघते. तू फाइली पाठव, तोपर्यंत जोडणी करून ठेवते.

रेवा

*

पुणे, १४ जून २०१४

रेवा,

निवेदनं तयार आहेत. हिरव्या पट्टीत बसवली. पंखा बंद करून घामाने निथळले. पाठवत नाही.

मस्कतहून रुसैल किती लांब आहे ते नकाशात पाहिलं. आमच्या घरापासून तुझं कॉलेज होतं त्यापेक्षा थोडंसं जास्त. शिवाय तो शुक्रवारी केल्नरांकडे येतो, हे तूच लिहिलंस. भेट होत नाही, म्हणे!

केल्नरना सांगणं सोपं होतं. ते तुझ्यासारखेच आहेत. ते अहवाल वाचतात.

आत्या

*

मस्कत, २० जून २०१४

आत्या,

आज शुक्रवार. सकाळी केल्नरांकडे गेले. एकनाथ गच्चीवरून उतरत होता. गॅरेजमध्ये मेन स्विचच्या खाली तो पाणी प्यायला थांबला. मी तिथेच सांगितलं. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"एकनाथ, कार्ड तुमच्यामुळे गेलं नाही."

"जाऊ द्या हो ताई. झालं ते झालं. म्हातारबाबा काय बोलले नाहीत, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"ऐका. तुम्ही मेन पाडलात तेव्हा फक्त पडदा काळा झाला होता. एका फोनने चित्र परत आलं असतं. कार्ड माझ्या पत्रामुळे रद्द झालं. मी त्यांना इथला पत्ता कळवला."

तो हसला. त्याला वाटलं, मी त्याची समजूत घालते आहे. "कायतरीच. तुमच्या हातनं अशी चूक कशी होईल?"

"झाली. आणि मला ते एप्रिलपासून माहीत आहे."

मग त्याने बाटलीचं झाकण लावलं. "मला गोदामात घातलं तेव्हा?"

"माहीत होतं."

"म्हातारबाबांनी तुम्हाला विचारलं तेव्हा, मी तिथं उभा होतो तेव्हा?"

"हो."

त्याने बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "मी आयेला फोनवर सांगितलं होतं. माझ्या हातनं एका म्हातारीचं नुकसान झालं, झोप लागत नाही म्हणून. तिनं देवीपुढं गाऱ्हाणं घातलं. गावच्या चार माणसांसमोर माझं नाव घेऊन माफी मागितली गुरवानं."

मी माफी मागितली. ती बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच येत होता, हे मला कळत होतं.

त्याने हात वर करून मेन स्विचवरचा टेप नखाने सोडवला. उन्हाने त्याचा डिंक वितळला होता, तुकडे तुकडे निघत होते. सगळा निघेपर्यंत तो थांबला नाही. त्याचा गोळा केला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हे तुमचं, मॅडम."

दुपारी हुसैनमियाँच्या घरी गेले. ते म्हणाले, "रेवाबाय, कबुली देलाव ता बरा केलाव. पण रमजान तोंडावर आयलाय, आता गोदामाला मानूस खयसून आणू?" मी म्हणाले, गोदामात मी बसते. ते हसले. मी गंमत करत नाही हे कळल्यावर हसायचे थांबले. ईद झाली की एकनाथला परत घेतो म्हणाले. लेखी द्या, असं मी म्हटलं. त्यांनी दिलं.

तुला फाइली पाठवायच्या असतील तर पाठव.

रेवा

*

पुणे, २० जून २०१४

रेवे,

फाइली जोडल्या आहेत. पहिलं निवेदन आधी लाव, त्यात मी तिला नावाने हाक मारली आहे.

आज तुझं पत्र वाचून जेवले नाही. रागाने नव्हे. जेव तू.

आत्या

*

मस्कत, ५ जुलै २०१४

आत्या,

चॅनल गेल्या रविवारपासून चालू आहे.

पहिल्या दिवशी तुझा आवाज आला आणि हिल्डेबाई घाबरल्या. ही बाई कोण, आधीची कुठे गेली, असं विचारत दाराकडे गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी निवेदनाचा आवाज दोन पायऱ्या उतरवला. उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या दारातूनच तुझं बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. तू प्रत्येक वाक्यानंतर फार थांबतेस, कारण आपलं वाक्य संपलं की नाही ते तुला ऐकू येत नाही. मी पाच सेकंद सांगितले होते. तू काही ठिकाणी त्याच्या दुप्पट थांबली आहेस. ते मी कापणार होते. केल्नर म्हणाले, राहू द्या. कारण त्या थांबण्यात हिल्डेबाई उत्तर देतात. आधीची बाई थांबत नव्हती. केल्नरांनी मला इंग्रजीत सांगितलं, त्या म्हणाल्या, "हिला ऐकू येत नाही वाटतं, बिचारी." आणि मग टीव्हीजवळ जाऊन मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "बरं. मग. मी. बसते."

बसल्या. काल बसल्या नाहीत. आज पुन्हा बसल्या. केल्नर तारखेसमोर खूण करतात. मी त्यांना तसं करायला सांगितलेलं नाही.

आणखी एक. चॅनल सुरू होण्याआधी बैठकीच्या भिंतीतून केबल ओढायला दुसरा माणूस हवा होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी एकनाथ त्याच्या वेळेला आला, सरळ आत आला आणि टीव्हीच्या मागे शिरला. तासभर काम केलं. मी समोर मीटर घेऊन बसले होते, त्याचा फक्त हात दिसत होता. तो जोड फिरवत होता.

"अजून?" त्याने मागून विचारलं.

त्या शब्दाच्या आधी पूर्वी एक शब्द असायचा. तो आला नाही. 'मॅडम'ही आला नाही. मीटरवर आकडा केव्हाच बरोबर आला होता. तरी मी थोडा वेळ थांबले.

मग म्हणाले, "बस."

टेपचा गोळा माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. बॉक्स गाडीत तापतो, त्यामुळे तो रोज कुठल्या ना कुठल्या अवजाराला चिकटलेला सापडतो. सोडवून पुन्हा ठेवते.

नवीन निवेदनं पाठव. थांबशील तशी थांब.

तुझी,
रेवा